टाके विरघळल्यानंतर

घोरणं आणि झोपेत श्वास अडणं (श्वासखंड) यासाठी केलेल्या टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर सहाव्या दिवशी एक रुग्ण ओपीडीत आले. बोलवत नव्हतं, म्हणून त्यांनी वहीत लिहून दाखवलं: ‘पहिल्या दिवसापेक्षा आज जास्त दुखतंय. काही बिघडलं का?’ काहीच बिघडलं नव्हतं. जखमेवरचा पांढरा थर सुटायला लागला की दुखणं वाढतं, गिळताना कानापर्यंत कळ जाते. हा त्रास दहा-चौदा दिवस टिकतो. मी हे त्यांना आधी सांगायला हवं होतं, ते राहून गेलं होतं. पाच दिवस घाबरून त्यांनी पाणीसुद्धा नीट घेतलं नव्हतं.

पहिल्या रात्रीची काळजी आपण बहुतेक जण घेतो. घशाला सूज, त्यात भुलीचा अंमल. अशा वेळी ओपिऑइड वेदनाशामकं हात राखूनच द्यायची, उशाकडची बाजू उंच ठेवायची, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. घरी गेल्यावरचं मात्र सांगायचं राहतं. गार दूध, पातळ पेज, मऊ भात चालेल. पाणी नाकातून आलं तर घाबरू नका, ते सहसा काही आठवड्यांत थांबतं. पण ताजं लाल रक्त दिसलं तर मध्यरात्रीही दवाखाना गाठा. दुसऱ्या आठवड्यातही रक्तस्राव होऊ शकतो, हे घरच्यांना माहीत हवं.

खरी चूक त्यापुढे होते. महिन्याभराने पत्नी आनंदाने सांगते, ‘आता अजिबात घोरत नाहीत.’ आपणही खूश होतो आणि फाइल बंद करतो. घोरणं म्हणजे मुख्यतः टाळूचं कंपन. टाळू आखूड आणि ताठ झाली की आवाज जातो. जिभेच्या मुळाशी श्वास अडतच असेल, तर तो आता बिनआवाजी अडतो. शेजारी झोपणाऱ्याला जाग आणणारी खूण तेवढी आपण काढून टाकलेली असते. फुजिता यांनी ही शस्त्रक्रिया 1981 मध्ये मांडली. शेर आणि सहकाऱ्यांच्या 1996 च्या आढाव्यात श्वासखंडाचा निर्देशांक (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो) निम्म्याने घटून 20 च्या खाली आलेले रुग्ण सुमारे 40 टक्केच होते. नव्या पद्धती आणि रुग्णांची काटेकोर निवड यांनी चित्र सुधारलं आहे, पण कोणत्या रुग्णाचं काय झालं हे नुसतं विचारून कळत नाही. रात्री ट्रक चालवणाऱ्याच्या बाबतीत तर अंदाजावर राहणं मला अक्षम्य वाटतं.

तेव्हा सहकाऱ्यांनो, डिस्चार्ज कार्डावर तीन महिन्यांनंतरच्या स्लीप स्टडीची तारीख लिहा आणि मगच रुग्णाला घरी पाठवा.