शोधयंत्राच्या रांगेत आमचा नंबर कितवा?

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला. त्याविषयी आजच्या तरुणाला काही जाणून घ्यायचे असेल तर तो वाचनालयाची पायरी चढत नाही. तो खिशातला मोबाईल काढतो आणि गुगलवर दोन शब्द टाकतो. समोर जी पहिली पाच-दहा नावे येतात तोच त्याच्यापुरता इतिहास असतो. जे तिथे आले नाही ते घडलेच नाही, अशी त्याची समजूत होते. न्यायालयात जसा अभिलेखावर नसलेला कागद असून नसल्यासारखा, तसेच हे आहे.

आंबेडकरी समाजातले कार्यकर्ते, अभ्यास मंडळे, नियतकालिके मोठ्या उमेदीने संकेतस्थळे काढतात. १४ एप्रिलला उद्घाटन होते, फोटो निघतात. सहा महिन्यांनी मात्र विषय टाकून शोधले तर ते स्थळ दहाव्या पानावरही दिसत नाही. मग आपल्यातले काही जण म्हणतात, 'मनुवाद्यांनी दाबून टाकले.' हा आरोप पूर्ण खोटा नाही आणि पूर्ण खराही नाही. म्हणूनच ही रांग लागते कशी, हे चळवळीच्या माणसाने समजून घेतले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिला टप्पा पान सापडण्याचा. जगातल्या सर्व पानांची नोंदवही कोणत्याही सरकारी कचेरीत ठेवलेली नाही. गुगलची यंत्रणा एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जाते आणि पाने गोळा करते. ज्या नव्या स्थळाकडे कुणाचाच दुवा जात नाही ते वाट नसलेल्या वस्तीसारखे असते. दुसरा टप्पा नोंदीचा. सापडलेले प्रत्येक पान नोंदले जाईलच अशी हमी नाही, हे गुगल स्वतःच सांगते. तिसरा टप्पा क्रमाचा, म्हणजे कुणी शोध घेतला असता कोणते पान वर आणि कोणते खाली.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. नोंदीसाठी किंवा नेहमीच्या यादीत वरचा क्रम मिळवण्यासाठी गुगल पैसे घेत नाही. जाहिरातींची जागा वेगळी असते आणि तिथे तशी पाटी असते. 'तुमचे स्थळ पहिल्या क्रमांकावर आणून देतो' असे सांगून धम्मकार्याच्या दानातून हजारो रुपये उकळणाऱ्या दलालांना दारातूनच परत पाठवावे. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हेही गुगलनेच लिहून ठेवले आहे.

आता क्रमाच्या मुळाशी जाऊ. गुगलच्या आधी याहूची सूची होती. तीत माणसे बसून स्थळांची निवड करीत आणि व्यावसायिक स्थळांना तपासणीसाठी शुल्क भरावे लागे. ती सूची २०१४ साली बंद झाली. दारात माणूस बसला की काय होते याचा अनुभव आम्हाला १९२० पासून आहे. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. तेव्हा माणसाच्या जागी यंत्र आले तर भेदभाव संपेल, असे कुणाला वाटले तर ते स्वाभाविकच होते.

परंतु यंत्राला नियम कोणता दिला गेला? लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेल्या पेजरँक पद्धतीत एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे जणू एक मत. पण सर्व मतांचे मूल्य समान नाही. ज्याच्याकडे आधीच पुष्कळ दुवे आहेत त्याच्या मताचे वजन जास्त, ज्याला कुणी विचारत नाही त्याचे नगण्य. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, राजकारणात एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे तत्त्व आपण स्वीकारू, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारत राहू. तोच अंतर्विरोध येथे गणिताच्या रूपाने उभा आहे. संकेतस्थळ काढण्याचा अधिकार सर्वांना समान, दिसण्याचा अधिकार मात्र प्रतिष्ठेच्या उतरंडीप्रमाणे! आज गुगल दुव्यांखेरीज इतर अनेक निकष लावते. पण उतरंडीचा गुण गेलेला नाही. लोक कोणत्या निकालावर बोट ठेवतात त्याची तेरा महिन्यांची माहिती क्रम ठरवताना वापरली जाते, हे गुगलच्याच वरिष्ठ अधिकाऱ्याने २०२३ साली अमेरिकेतील न्यायालयात साक्षीत सांगितले. वर असलेल्याला लोक निवडतात, आणि निवडले म्हणून तो वर राहतो. नव्याने शिरकाव करायचा कुठून?

त्याच खटल्यात ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने शोधाच्या बाजारपेठेतील मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवली, असा निर्णय दिला. मोबाईल आणि ब्राउझरमध्ये आपलेच शोधयंत्र आधीपासून बसवलेले असावे म्हणून कंपनीने एकट्या २०२१ साली २६.३ अब्ज डॉलर वाटले होते. भारतात स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल गुगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ती तक्रार एका विवाह-जुळवणी कंपनीची आणि एका ग्राहक संघटनेची होती. स्पर्धा कायद्याच्या कलम ४ मध्ये वर्चस्वाच्या गैरवापराला मनाई आहे आणि कलम १९ खाली कोणतीही व्यक्ती आयोगापुढे माहिती मांडू शकते. मात्र आयोग बाजारातला अन्याय पाहतो, समाजातला नव्हे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विदुषी सफिया नोबल यांनी २०१८ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की कृष्णवर्णीय मुलींविषयी शोध घेतला असता अश्लील पाने वर येत होती. तिथेही फिर्याद घेऊन कोणी पोलीस ठाण्यात गेले नव्हते. लिहून, पुरावे मांडून तो प्रश्न ऐरणीवर आणावा लागला.

ही झाली व्यवस्थेची बाजू. आता आपली बाजू. चळवळीचे बरेचसे मराठी साहित्य जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकित झालेले आहे. ते डोळ्यांना देवनागरी दिसते, पण यंत्राला ती निरर्थक इंग्रजी अक्षरे वाटतात. अनेक जण लेखाचा फोटो काढून टाकतात. त्या फोटोतला मजकूर नीट वाचला जाईल याचा भरवसा नसतो. 'आ' हे अक्षर कुणी 'अ'ला काना जोडून लिहितो. दिसायला दोन्ही एकच, पण यंत्राच्या लेखी ती वेगवेगळी चिन्हे. म्हणजे आंबेडकर हे नावच दोन तऱ्हेने नोंदले जाऊ शकते! वार्षिक शुल्क न भरल्याने स्थळाचे नाव हातचे जाते आणि वर्षानुवर्षांचे काम एका रात्रीत दिसेनासे होते. आणि सर्वात दुःखाची गोष्ट ही की, आपल्यातले गट एकमेकांचा उल्लेख करीत नाहीत. गटबाजीची किंमत सभेत मोजावी लागते तशी ती इथेही मोजावी लागते. दुवा म्हणजे मत असेल, तर आपण आपल्याच माणसाला मत देत नाही.

मग करायचे काय? मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. प्रत्येक लेखाला स्वतंत्र पान, स्पष्ट मथळा, लेखकाचे नाव आणि तारीख असावी. साइटमॅप तयार करून गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये द्यावा, ही सोय मोफत आहे. दुसऱ्याच्या लेखाचा आधार घेतला तर त्याचा दुवा द्यावा. मात्र विकतच्या किंवा खोट्या दुव्यांच्या नादी लागू नये, त्यासाठी शोधयंत्रे शिक्षा करतात. स्थळाचे नाव एका व्यक्तीच्या नव्हे तर संस्थेच्या नावे नोंदवावे आणि शुल्काची तारीख इतिवृत्तात लिहावी.

शासनाकडेही मागणी व्हायला हवी. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढला. हा प्रकल्प रखडल्याची मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ साली स्वतःहून दखल घ्यावी लागली. हे सर्व खंड ओळीओळीने शोधता येतील अशा युनिकोड मजकुराच्या रूपात खुले करणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

हा विषय तांत्रिक म्हणून बाजूला सारण्याइतका वेळ आता उरलेला नाही. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गुगल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने अनेक प्रश्नांची उत्तरे यादीच्याही वर स्वतःच लिहून देऊ लागले आहे. नोंदलेल्या पानांतूनच ते उत्तर तयार होते. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत काय घडले, हे उद्या एखाद्या मुलीने विचारले आणि चळवळीच्या दैनिकांचे त्या दिवसांतले अंक यंत्राला ठाऊकच नसतील, तर तिला उत्तर कुणाच्या शब्दांत मिळेल? मूकनायक काढताना आमच्यापाशी छापखाना नव्हता, भांडवल नव्हते, तरीही शब्द पोहोचला. आज प्रत्येकाच्या हातात छापखाना आहे. तेव्हा ज्यांच्या कपाटात जुने अंक पडून आहेत त्यांनी यंदाच्या जयंतीला बॅनरवरच्या खर्चातून थोडा पैसा बाजूला काढावा आणि किमान एका वर्षाचे अंक टंकित करून घ्यावेत. रांगेत पुढचा नंबर मिळवायचा, तर आधी रांगेत उभे राहावे लागेल.