‘अर्धा तास पुरे’ म्हणणाऱ्यांना

दादरा नगर हवेलीतल्या दुधनीला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. ‘छान आहे हो, पण बघण्यासारखं असं काही नाही. शिकाऱ्यात बसायचं, अर्धा तास फिरायचं, भजी खायची आणि अंधार पडायच्या आत सिल्वासा गाठायचं.’ त्यावर एखाद्याने सुचवलं की सबंध दिवस ठेवा, तिथलाच एक माणूस सोबत घ्या, त्याची बोट आणि त्याचा वेळ दिवसभरासाठी ठरवा, तर लगेच भुवया उंचावतात. ‘दुधनीला गाईड? तोही दिवसभर? पैसे वर आलेत काय!’

हेच गृहस्थ बालीला गेले की काय करतात ते आपण त्यांच्या फोटोंत पाहिलेलं असतं. विमानात बसण्याआधीच दिवसभराची खासगी गाडी ठरलेली असते, आणि तिचा चालकच गाईड असतो. सकाळी किंतामणी, दुपारी उबुदची भातखाचरं, संध्याकाळी तनाह लोट. मॉरिशसला गेले की शामारेलची रंगीत माती आणि गंगा तलाव, तेही दिवसभराच्या गाडीने. उबुदची ती भातखाचरं पाहताना गाईड पाणी वाटून घेण्याची तिथली पद्धत सांगतो, हे माना डोलावून ऐकतात. आपल्याकडच्या खाचरात राब का भाजतात, हे मात्र त्यांनी कधी कुणाला विचारलेलं नसतं. दुधनीही कर्कवृत्ताच्या खालीच आहे, साधारण वीस अंश उत्तरेला. बेटं आहेत, पाऊस आहे, डोंगर आहेत. नाही ती फक्त इमिग्रेशनची रांग.

‘बघण्यासारखं काही नाही’ हे मत लोकांचं स्वतःचं नसतं. ते त्यांच्या हातात आधीच दिलेलं असतं, आणि ते देणारी पाटी म्हणजे ‘छोटं काश्मीर’. धरणाचं पाणी, त्यात हिरवे डोंगर आणि रंगीत छताच्या बोटी एवढं जमलं की आपण काश्मीर म्हणून मोकळे होतो. कोयनेच्या शिवसागरावरच्या तापोळ्याचं हेच केलं, दुधनीचंही हेच. काश्मीर म्हणून गेलात तर दल सरोवराची नक्कल दिसणार, आणि नक्कल बघायला अर्धा तास खरंच पुरतो. त्या हिशेबात त्यांचं काही चुकत नाही. चुकतं ते पाटीवर विश्वास ठेवण्यात.

कारण दुधनीचं पाणी सरोवराचं नाही. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावलेली दमणगंगा इथून पुढे दमणला समुद्राला मिळते. तिच्यावर गुजरातच्या हद्दीत मधुबनला धरण झालं, त्याचा हा फुगवटा. गुजरात, दादरा नगर हवेली आणि दमण या तिघांचा तो प्रकल्प. पाणी शेतीला जातं, वापी-सिल्वासाच्या कारखान्यांना जातं, दमणच्या नळांना जातं. आणि ज्यांच्या जमिनीवर ते साठलं आहे त्यांतले कित्येक वारली, कोकणा काठावर वर सरकून राहिले आहेत. बोटवाल्याला मी विचारलं होतं, ‘भाऊ, त्या बेटावर काय आहे?’ त्याने वल्हं न थांबवता सांगितलं, ‘बेट कसलं? डोंगराचं डोकं आहे ते. खाली वाट होती.’ मग हाताने हवेत रेघ ओढून वाट कुठून कुठे जायची ते दाखवलं. अर्ध्या तासाच्या फेरीत एवढंही कळलं नसतं, कारण त्या फेरीत बोटवाला बोलत नाही. तो घड्याळ बघतो. पुढची गिऱ्हाइकं धक्क्यावर उभी असतात.

दिवसभर सोबत असलं तर पाण्याचे ऋतूही कळतात. भर पावसात धरणाचे दरवाजे उघडतात, तेव्हा खाली सिल्वासा-दमणच्या काठावर सावधगिरीचे इशारे दिले जातात. पावसाळा सरला की पाणी काठोकाठ येतं. उन्हाळ्यात ते उतरत जातं आणि डोंगरांच्या पायाशी तांबड्या मातीचा उघडा पट्टा निघतो, कमरपट्ट्यासारखा. पर्यटक तेव्हा म्हणतात, ‘मे महिन्यात जाऊ नका, रया गेलेली असते.’ मला विचाराल तर दुधनी खरी समजते ती मे महिन्यातच.

‘माहिती नेटवर मिळते, गाईड थापा मारतो’ या आक्षेपावर फार शाई खर्च करणार नाही. गाईड थापा मारतो, कधीकधी मारतोच. पण नेटवर दुधनीबद्दल जे मिळतं ते बरंचसं एकमेकांचं उतरवून घेतलेलं असतं, आणि त्यात पहिलं वाक्य काश्मीरचं.

मुंबईहून जाणारे पुष्कळ लोक तलासरीला महामार्ग सोडतात, उधव्यावरून खानवेल गाठतात आणि तिथून घाटाने दुधनीला चढतात. डोळे गुगल मॅपवर असतात. त्या रस्त्यावर काय झालं होतं ते नकाशात नाही. २ ऑगस्ट १९५४ ला स्वातंत्र्यसैनिकांनी सिल्वासा घेतलं, तेव्हा पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो आपली शिपाईमंडळी घेऊन खानवेलच्या बाजूला पळाला, आणि ११ ऑगस्टला उधव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. म्हणजे आपण ज्या रस्त्याने चिप्सची पाकिटं फोडत येतो, साधारण त्याच रस्त्याने पोर्तुगीज सत्ता इथून गेली. या लढ्यात सुधीर फडके होते, राजा वाकणकर होते, बाबासाहेब पुरंदरे होते. फडक्यांचं ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवर सुरू झालं ते एप्रिल १९५५ मध्ये, म्हणजे त्यानंतर अवघ्या आठ महिन्यांनी. आणि हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला कसा? मराठ्यांच्या आरमाराने त्यांचं ‘सांताना’ जहाज पकडलं होतं, त्याच्या भरपाईत. १७७९ चा तह झाला आणि १७८३ मध्ये नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली. पेशव्यांनी दिलेला मुलूख मराठी माणसांनी परत घेतला, आणि आज मराठी माणूस तिथे भजीची चौकशी करतो. हे सगळं बोटवाल्याला तारीखवार ठाऊक असेल असा माझा दावा नाही. पण सबंध दिवस हाताशी असला की खानवेलला पाच मिनिटं गाडी थांबवून आपणच आपल्या मुलांना हे सांगू शकतो. सहा ठिकाणं उरकायची असतील तर ती पाच मिनिटंही जड होतात.

आता जरा वजनदार आक्षेप. ‘एका कुटुंबासाठी अख्खी बोट, अख्खा माणूस, ही चैन आहे. सहलीच्या बसने चाळीस जण गेले तर खर्च कमी आणि गावालाही गिऱ्हाईक जास्त.’ ऐकायला हे समाजवादी वाटतं. पण माणशी आणि फेरीमागे पैसे मिळतात तिथे काय होतं? एका फेरीत जितकी डोकी जास्त आणि दिवसात जितक्या फेऱ्या जास्त, तितकी कमाई जास्त. मग दोन माणसं जास्त बसवली जातात, जॅकेट घालायला लागणारी मिनिटं वाचवली जातात. ७ मे २०२३ ला केरळात तानूरला २२ माणसं बुडाली, ती बोट गच्च भरलेली होती. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि १२ मुलं व २ शिक्षिका गेल्या. तिथेही माणसं क्षमतेपेक्षा जास्त होती आणि सगळ्यांच्या अंगात जॅकेट नव्हतं. दुधनीचे बोटवाले बेफिकीर आहेत असं मला सुचवायचं नाही. हिशेब कसा चालतो ते सांगतोय. दिवसाचे पैसे ठरले की बोटवाल्याला घाई उरत नाही. वारा सुटला तर तो बोट काठाला लावून बसू शकतो, त्याचं नुकसान होत नाही. याला चैन म्हणायचं तर म्हणा.

सगळ्यांत टोकदार आक्षेप मात्र दुसराच आहे, आणि तो करणारे माझेच मित्र आहेत. त्यांचं म्हणणं, ‘खासगी गाईड घेऊन आदिवासी पाड्यात जाणं म्हणजे माणसांचं प्राणिसंग्रहालय करणं. त्यांना त्यांच्या जागी राहू द्या.’ या आक्षेपामागची लाज खरी आहे, म्हणून त्याला उडवून लावता येत नाही. पण प्राणिसंग्रहालय कशाने होतं ते नीट बघू. रिसॉर्टच्या हिरवळीवर संध्याकाळी सात वाजता दहा मिनिटांचा तारपा ठेवतात, लोक मोबाईल वर धरतात, मग जेवण लागतं, त्याने होतं. तारपा वाजतो तो नव्या भाताच्या हंगामात. वाळलेल्या दुध्याचा तो तुंबा, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानाचा कर्णा. वाजवणारा मध्ये आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती, रात्रभर. गावचा माणूस सोबत असेल तर तो सरळ सांगतो, ‘आता नाही वाजवत.’ हे ‘नाही’ ऐकायला मिळणं, हीच त्याला पैसे देण्यातली मोठी मिळकत आहे. टूरवाला नाही म्हणत नाही. त्याच्याकडे सगळं बारमाही असतं.

तीच गोष्ट चित्रांची. आपल्या घरात वारली चित्रांचे कप आहेत, कुर्ते आहेत, लग्नपत्रिकाही आहेत. पण कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात तो लग्नासाठी, तो सुवासिनी लिहितात, त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते आणि धवलेरी म्हणवणारी बाई गाणं म्हणून लग्न लावते, हे त्या कपावर कुठून येणार? गावचा माणूस तुम्हाला त्या घरापर्यंत नेईल किंवा नेणार नाही. लग्न दोन दिवसांवर असेल तर बहुधा नेणार नाही. तुम्ही गाईडशिवाय गेलात तर मात्र कुणी अडवणार नाही, कारण पाहुण्याला हाकलायची त्या दारात रीत नाही. तुम्ही उंबऱ्यात उभे राहून फोटो काढाल आणि वर म्हणाल, ‘किती साधी माणसं!’ आता सांगा, कुणाची अब्रू कशात राहिली?

आणखी एक गोष्ट मराठी माणसाने विशेष ध्यानात घ्यावी अशी. बोटवाल्याशी आपण हिंदीत सुरू होतो. तोही बिचारा हिंदीत उत्तर देतो. तास-दीड तास गेला, बायको-मुलांशी आपलं मराठी बोलणं त्याच्या कानावर पडलं, की तो मध्येच मराठीत बोलायला लागतो. मग गप्पांचा पोतच बदलतो. नागली यंदा कशी झाली, मोह कधी गळतो, पोरगा खडोलीच्या कंपनीत कोणत्या पाळीला जातो, हे निघतं. अर्ध्या तासात आपण हिंदीतच उतरून जातो.

इतकं मंडन केल्यावर एक कबूल केलं पाहिजे. आज ‘दिवसभराची खासगी सहल’ या नावाखाली वापी-सिल्वासाकडून जे विकलं जातं त्याचं समर्थन मी करत नाही. दादऱ्याची वनगंगा बाग, पिपरियाचं हिरवा वन, वासोण्याची सिंह सफारी, सातमालियाची हरणं, बिंद्राबिनचं देऊळ, खानवेलला जेवण आणि शेवटी दुधनीचा शिकारा. याला मार्गदर्शित सहल म्हणत नाहीत, ही शर्यत आहे. तिच्यात चालक असतो, गाईड नसतो. गुजरातेत दारूबंदी आणि इथे नाही, त्यामुळे शनिवार-रविवारच्या पुष्कळ गाड्यांचा खरा कार्यक्रम कुठला असतो ते सांगायला नको.

मी म्हणतो तो प्रकार काही स्वप्नातला नाही. उजनीच्या फुगवट्यात भिगवण-कुंभारगावला जा. तिथल्या मासेमारांनी बोटींवर रोहित पक्षी दाखवायला सुरुवात केली, आणि आज पक्षी बघणारे त्यांच्याशिवाय पाण्यात उतरत नाहीत. कुठला थवा सकाळी कुठल्या उथळात असतो ते त्यांना ठाऊक असतं. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तेही तेच दाखवतात. तेही धरणाचंच पाणी, तिथेही गावं बुडालेली. ताडोब्यात गाईडशिवाय जिप्सी फाटकातून आत जात नाही, आणि त्याबद्दल कुणाच्या भुवया उंचावत नाहीत, कारण तिथे वाघ आहे. वाघासाठी गाईड चालतो, माणसांसाठी चालत नाही.

दुधनीला यासाठी मोठा खर्च लागणार नाही. धक्क्यावर फेरीच्या दराशेजारी दिवसाच्या दराचा फलक लावावा. दुधनी, कौंचा, करचोंडच्या पोरापोरींना गाईडचा परवाना आणि ओळखपत्र द्यावं, बाहेरच्या एजंटाला नव्हे. पोरींनाही, हे मुद्दाम म्हणतोय, कारण चौक आणि पालघटाबद्दल बोलायचा पहिला हक्क बायकांचा आहे. वरच्या अंगाला दमणगंगेवर भुगडचं आणि वाघ नदीवर खारगीहिलचं अशी आणखी दोन धरणं बांधून पाणी मुंबईकडे न्यायची योजना कागदावर आहेच. तिथेही उद्या कुणी शिकारे सोडेल. तेव्हा तरी आधी फलक लागावा आणि मग बोट.

तोपर्यंत ज्यांना जायचं आहे त्यांनी ऑक्टोबर ते जानेवारी किंवा सरळ मे निवडावा, शनिवार-रविवार टाळावा. आदल्या दिवशी धक्क्यावर जाऊन बोलावं, दर बोटीत पाय ठेवण्याआधी ठरवावा, जॅकेट मुलांच्या मापाचं आहे का ते पाहावं. सोबतच्या माणसाचं जेवण आपल्याकडे, आणि त्याच्या घरी भाकरी मिळाली तर तिचे पैसे वेगळे. घासाघीस करायची हौसच असेल तर ती रात्री वापीच्या हॉटेलात खोलीच्या भाड्यावर करावी, तिथे वाव पुष्कळ असतो.