हे कुरण कुणाचे?

मराठी प्रवासवर्णनाची प्रकृती उत्तम आहे, असे दिवाळी अंक चाळताना वाटू लागते. छायाचित्रे रंगीत, कागद गुळगुळीत आणि लेखक थेट गालापागोसच्या जहाजावरून उतरलेला. सांताक्रूझ बेटावरची धुकट, हिरवी उंच पठारे, लाव्हाने मागे ठेवलेले बोगदे, गवतात चरणारी महाकाय कासवे, मग १८३५ सालच्या डार्विनचे अपरिहार्य स्मरण आणि शेवटी 'निसर्गापुढे माणूस किती क्षुद्र!' हा उद्गार. आमचा आक्षेप या सहलींना नाही, त्यांतून निपजणाऱ्या गद्याला आहे.

कारण लेखकाने दिवसभर जे पाहिले, ते त्याला दिसलेलेच नसते. या द्वीपसमूहाची सुमारे ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यानात मोडते. वस्ती आणि शेती उरलेल्या तीन टक्क्यांत. सांताक्रूझच्या पठारावर प्रवाशांना कासवे दाखवतात ती बरेचदा खाजगी कुरणांत. कासवे ऋतुमानाप्रमाणे डोंगर चढतात-उतरतात आणि त्यांच्या वाटेत ही शेते येतात. त्या शेतकऱ्याची गुरे, त्याचे कुंपण, त्याचा हिशेब यांतले अक्षरही लेखात उतरत नाही. 'अस्पर्श निसर्ग' लिहायचा म्हणजे माणूस आधी पुसावाच लागतो.

तासगावात राहणाऱ्या आम्हांला हे अधिकच खटकते. येथून सागरेश्वर फार लांब नाही. उजाड टेकड्यांवर झाडे लावून, हरणे आणून सोडून, धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभे राहिलेले हे अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर. भोवती ऊस आणि द्राक्षबागा. म्हणजे बेटच! हरणे पिकात उतरली की शेतकरी रात्र जागून काढतो. जंगल हवे आणि पीकही हवे, हा पेच इथलाही आणि सांताक्रूझचाही. तो तिथे न दिसणाऱ्याला इथेही दिसत नाही.

शिवाय आमच्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचाच. ज्या भूगर्भीय स्रोतातून तो उसळला, तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. ज्वालामुखी पाहायला निघालेला आमचा लेखक ज्वालामुखीच्याच खडकावरून घराबाहेर पडतो, आणि त्याला त्याचा पत्ता नसतो.

हा स्थानिकतेचा दुराग्रह आहे, असे कुणी म्हणेल. मुळीच नाही. गोडसे भटजी 'माझा प्रवास'मध्ये दूर उत्तरेत जातात. पण आपण द्रव्यार्जनासाठी निघालो हे लपवीत नाहीत आणि वाटेतली माणसे गाळीत नाहीत. याच जिल्ह्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर 'सत्तांतर'मध्ये (१९८२) वानरांच्या टोळ्यांचा संघर्ष सांगतात, तो गहिवर न काढता. परंपरा आपल्यापाशी आहे. आळस आपला आहे.

तेव्हा प्रवासवर्णन शिकवताना लेखकाची शैली, निसर्गप्रेम वगैरे मुद्दे आम्ही यापुढे नंतरसाठी ठेवणार आहोत. फळ्यावर पहिला प्रश्न एकच असेल : कासव दिसले, ठीक, पण हे कुरण कुणाचे?