सर्व्हर रूमचाही ताप मोजा

१९ जुलै २०२२ रोजी ब्रिटनमध्ये पाऱ्याने पहिल्यांदाच चाळिशी ओलांडली. त्याच दिवशी लंडनच्या ‘गायज् अँड सेंट थॉमस’ या बड्या सरकारी रुग्णालय समूहाची दोन्ही डेटा सेंटर बंद पडली. तिथली वातानुकूलन यंत्रणाच उष्म्यापुढे टिकली नाही. रुग्णांच्या नोंदी आणि तपासण्यांचे अहवाल संगणकावर दिसेनासे झाले. डॉक्टर-परिचारिकांनी कागद-पेन हाती घेतले, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. सारे पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे गेले. एक केंद्र बंद पडले तर दुसरे सांभाळून घेईल, अशी योजना होती. पण शहर एकच आणि ऊनही एकच!

यातून आपण काय शिकायचे? अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचे तापमान आपण सतत पाहतो. मात्र त्याचे अहवाल वाहून नेणाऱ्या यंत्रांचे तापमान कोण पाहते?

खरे तर ही यंत्रे मुकी नसतात. रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या चांगल्या दर्जाच्या नेटवर्क स्विचमध्ये तापमानाचे सेन्सर असतात. पंखा मंदावला, वीजपुरवठ्याचा एखादा भाग निकामी झाला, तर यंत्र तशी नोंद करते आणि नेटवर्कवरून इशाराही पाठवते. तापमान फारच वाढले की अनेक यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बंद होतात. उपकरणांत शिरणारी हवा १८ ते २७ अंशांदरम्यान असावी, अशी ‘ॲशरे’ या अमेरिकी अभियंता संस्थेची शिफारस आहे. यूपीएसच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या तर आणखी नाजूक. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना त्यांचे आयुष्य जवळपास निम्मे होते.

म्हणजे कमतरता सेन्सरची नाही, ऐकणाऱ्याची आहे. इशारा कुठे जावा हे ठरवलेलेच नसेल, किंवा तो कोणी न उघडणाऱ्या ईमेलवर जात असेल, तर तो असून नसल्यासारखाच. याची दुसरी बाजू म्हणजे इशाऱ्यांचा भडिमार. क्षुल्लक कारणाने दिवसभर वाजणारा अलार्म माणूस ऐकेनासा होतो. रुग्णशय्येजवळच्या अलार्मबाबत हा धोका अमेरिकेच्या ‘जॉइंट कमिशन’ने २०१३ मध्येच दाखवून दिला होता. यंत्रांच्या खोलीला वेगळा न्याय कसा असेल?

विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. आपली रुग्णालयेही नोंदी, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या संगणकावर नेत आहेत. तेव्हा खर्चिक यंत्रणेची वाट न पाहता तीन गोष्टी आजच करता येतील. पहिली, मोजके इशारे निवडावेत : तापमान, पंखा, वीज आणि एसीतून गळणारे पाणी. दुसरी, ते थेट ड्युटीवरच्या माणसाच्या फोनवर जावेत. त्याने ठरलेल्या वेळेत दखल घेतली नाही, तर वरिष्ठांच्या फोनवर. तिसरी, कोणती यंत्रे आधी बंद करायची आणि कोणती शेवटपर्यंत चालू ठेवायची, हे लिहून ठेवावे आणि उन्हाळ्यापूर्वी त्याची रंगीत तालीम घ्यावी.

ही जबाबदारी एकट्या संगणक विभागावर ढकलून चालणार नाही. नेटवर्क बंद पडले की अडतो तो रुग्ण. त्यामुळे सर्व्हर रूमचे तापमान हा रुग्णसुरक्षेचा विषय आहे आणि त्याचा हिशेब रुग्णालयाच्या प्रमुखांकडेच असायला हवा.