निलंबनाआधी नमुने

शाळेत मुलांना एकाएकी उलट्या सुरू झाल्या, की पुढचा घटनाक्रम आपल्याकडे जणू ठरलेलाच असतो. ‘खिचडीतून विषबाधा’ असा मथळा छापून येतो, संतप्त पालक शाळेत जमतात, सायंकाळपर्यंत स्वयंपाकीण कामावरून कमी होते आणि बचत गटाचे कंत्राट अडचणीत येते. दोन दिवसांत मुले बरी होतात. मग चौकशीही थंडावते. आजार नेमका कशाने झाला, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

या संदर्भात अमेरिकेतील एका शाळेची हकिकत मुद्दाम सांगावीशी वाटते. ओहायो राज्यातील नॉरवॉक या छोट्या गावातील प्राथमिक शाळेत ऑक्टोबर १९६८ मध्ये सुमारे निम्मे विद्यार्थी व शिक्षक दोन दिवसांत उलट्यांनी आजारी पडले. पाठोपाठ त्यांच्या घरच्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोकांना तोच त्रास झाला. आजार एका दिवसात ओसरला. प्रयोगशाळेत कोणताही जीवाणू सापडला नाही. प्रकरण येथेच मिटवता आले असते. पण तपासनीसांनी रुग्णांचे नमुने जपून ठेवले. चार वर्षांनी, १९७२ मध्ये, आल्बर्ट कापिकियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच नमुन्यांतून आलेला विषाणू पाहिला. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे मिसळताच हे अतिसूक्ष्म कण एकमेकांना चिकटून गठ्ठ्याने दिसू लागले, ही त्यांची युक्ती. आज जगभर ‘नोरोव्हायरस’ म्हणून ओळखला जाणारा विषाणू तो हाच. त्याच्या नावात त्या गावाचे नाव आहे.

हा विषाणू आपल्यापासून दूर नाही. जून २०२२ मध्ये केरळातील तिरुवनंतपुरमजवळच्या विळिंजम येथे शाळेतील मुले आजारी पडली, तेव्हा पहिला संशय मध्यान्ह भोजनावरच गेला होता. शासकीय प्रयोगशाळेने तपासणी केली आणि दोन मुलांत नोरोव्हायरस आढळला. जानेवारी २०२३ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातील एका शाळेतही तो सापडला. केरळला तो सापडला, याचे कारण तेथे तो शोधला गेला!

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. या विषाणूची लक्षणे साधारणतः १२ ते ४८ तासांनी दिसतात. म्हणजे दुपारी उलट्या झाल्या म्हणून आपण त्या दिवशीचे पातेले जप्त करतो, तेव्हा खरे कारण कदाचित आदल्या दिवशीच्या पाण्यात, एखाद्या आजारी मुलाच्या हातांत किंवा नीट न पुसलेल्या बाकावर असते. जेवल्यानंतर अवघ्या काही तासांत त्रास झाला, तर संशयाची दिशा निराळी. म्हणून कोण केव्हा आजारी पडले, कोणी काय खाल्ले आणि घरचा डबा खाणाऱ्यांपैकी कितीजणांना त्रास झाला, ही यादी त्याच दिवशी केली पाहिजे. त्यासाठी वही आणि पेन्सिल पुरते.

अन्नात दोष असूच शकत नाही, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारमधील गंडामन गावच्या शाळेत कीटकनाशकमिश्रित जेवणाने २३ बालके दगावली, हे कोण विसरेल? विष आणि विषाणू यांतला भेद तातडीने कळावा, यासाठीच तर तपासणी हवी. कोरोनाच्या काळात आरटी-पीसीआर तपासणीची यंत्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. नोरोव्हायरसही त्याच पद्धतीने ओळखता येतो. प्रश्न यंत्राचा कमी, आजारी मुलांच्या शौचाचे नमुने वेळेत थंड पेटीतून पाठवण्याच्या सवयीचा अधिक आहे.

वसतिगृहे, निवासी शाळा, सुट्टीतील शिबिरे चालवणाऱ्या आपल्या वाचकांना हे विशेष करून सांगावयाचे. हात चोळण्याचे अल्कोहोलयुक्त द्रव या विषाणूपुढे फारसे चालत नाही. साबण आणि वाहते पाणीच हवे. उलटीची जागा नुसत्या फडक्याने पुसून भागत नाही, तेथे क्लोरीनचे द्रावण लागते. आणि स्वयंपाकघरातील कोणी आजारी पडल्यास त्रास थांबल्यानंतरही किमान ४८ तास त्या व्यक्तीने अन्नाला हात लावू नये. तुटपुंज्या मानधनावर राबणारी बाई दोन दिवसांचे पैसे बुडतील या भीतीने आजार लपवणारच. तेव्हा त्या दोन दिवसांचे मानधन संस्थेने आधीच मान्य करून ठेवावे.