कट्ट्यावरचा कायदा

आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर वकिलांना तोटा नाही. राज्यशास्त्राच्या तासाला शेवटच्या बाकावर डुलक्या घेणारा विद्यार्थी कट्ट्यावर आला की धडाधड कलमे सांगू लागतो. 'नळीत फुंकायचेच नाही, म्हणजे पुरावा राहत नाही', 'जागच्या जागी दोन-चारशे सरकवले की काम होते', 'फार तर दंड होईल, त्यात काय एवढे!' ही त्या कायद्यातली ठळक कलमे. मीही ती ऐकत होतो, मान डोलावीत होतो. गेल्या ३१ डिसेंबरच्या रात्री मात्र या कायद्याची आणि खऱ्या कायद्याची गाठ पडली, आणि मी तेथे हजर होतो.

मित्र मोटारसायकल चालवीत होता, मी मागे बसलो होतो. तो प्याला होता. मी प्यालो नव्हतो. नाक्यावर पोलिसांनी अडविले. मित्राने आधी फुंकायला नकार दिला आणि मग खिशात हात घातला. हवालदार शांतपणे म्हणाले, "पैसे खिशातच ठेव, पोरा. याची पावती इथं फाटत नाही. हे कोर्टात जातं." शेवटी तो फुंकला. यंत्राने ९२ आकडा दाखविला. आम्ही दोघेही चौकीवर गेलो.

सुट्टी संपल्यावर मी ग्रंथालयात बसून मोटार वाहन कायदा, १९८८ वाचून काढला. कट्ट्यावरचे एकही कलम त्यात सापडले नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला की कलम १८५ लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास न्यायालयाने परवाना रद्द केलाच पाहिजे. जे गुन्हे जागेवर तडजोडीने मिटविता येतात, त्यांच्या यादीत हे कलम नाही. हवालदार अगदी बरोबर बोलले होते. आणि नकाराचे म्हणाल, तर फुंकायला नकार देणाऱ्यावर मद्यपानाचा सबळ संशय असल्यास पोलीस त्याला वॉरंटाशिवाय अटक करू शकतात. सबळ कारण दाखविता आले नाही, तर तो नकारच कलम २०५ प्रमाणे त्याच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देतो.

पण त्याच कायद्यात दुसरी बाजूही आहे. या कलमाखाली अटक केलेल्या माणसाची २ तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी झाली पाहिजे. न झाल्यास त्याला सोडावे लागते. स्त्रीच्या रक्ताचा नमुना पुरुष डॉक्टर घेणार असतील, तर तेथे दुसरी स्त्री हजर हवी. अटकेचे कारण कळण्याचा, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले जाण्याचा हक्क राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदाने दिला आहे. गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे योग्य जामीन दिला की सुटका हा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. वकील परवडत नसेल, तर कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून तो विनामूल्य मिळू शकतो.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा एका मैत्रिणीने तडक विचारले, "दारुड्यांचे एवढे लाड कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण माझे मत असे, की हे लाड नव्हेत. रक्तातली साखर एकाएकी उतरलेला मधुमेहीही अडखळतो, बरळतो. नुसता तोंडाला वास येतो, पाय लटपटतात, जीभ अडखळते, एवढ्यावरून आरोपी नशेत होता असे सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका खटल्यात १९७१ मध्येच म्हटले. निरपराध माणसाचा बचाव शेवटी रक्ताची तपासणीच करते. आणि रस्त्यावर मेलेल्या माणसाची बाजूही तीच तपासणी मांडते. रक्तातले मद्य तासातासाने उतरत जाते. ते २ तास टळले तर सत्यही उतरते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. त्यानंतर रक्ताचे नमुनेच बदलल्याचा आरोप झाला, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला तो यामुळेच.

परिणाम दंडापाशीच थांबतात असेही नाही. १२ नोव्हेंबर २००६ ला मुंबईत कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले ७ मजूर मोटारीखाली चिरडले गेले. चालकाने मद्य घेतलेले होते. हा केवळ निष्काळजीपणा नव्हे, सदोष मनुष्यवधच होय, असे मानून दिलेली ३ वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. शिक्षा थोडी की फार, यावर वाद होऊ शकेल. पण झोपताना त्या मजुरांना कोणते कलम वाचविणार होते? 'एकच प्याला'मधला सुधाकर वकील होता. कायदा त्याला ठाऊक होता, पण प्याल्यापुढे तो कामी आला नाही.

त्या रात्री जामिनासाठी मित्राचे वडील आले. ते एस.टी.त चालक आहेत. २६ वर्षांत त्यांच्या हातून एकही अपघात नाही. त्यांनी कागदावर सही केली. मुलाला ते एक शब्दही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "तू प्याला नव्हतास ना? मग किल्ली का नाही काढून घेतलीस?"

मी काही उत्तर देऊ शकलो नाही. पुढे मित्राने न्यायालयात गुन्हा कबूल केला, १०,००० रुपये दंड भरला. ते पैसेही वडिलांनीच दिले. कायद्याने माझ्यावर कोणतेही कलम लावले नाही. 'मी प्यालो नव्हतो' हे वाक्य मात्र मी त्या रात्रीपासून ऐटीत उच्चारलेले नाही. मित्रहो, आपले हक्क जरूर माहीत करून घ्या; चौकीवर ते उपयोगी पडतात. पण चौकीवर जाण्याआधी किल्ली मागून घेण्याचा हक्कही आपल्याला आहे. कट्ट्यावर कोणी पुन्हा कलमे सांगू लागला, तर मी त्याला एवढेच सांगणार आहे.