लोणचे कोणी नासवले?

विद्यार्थी मित्रहो, उन्हाळ्याच्या सुटीत तुम्ही काय केलेत, असा प्रश्न शाळा उघडल्यावर गुरुजी विचारतात आणि मग ‘माझी सुटी’ या विषयावर निबंध लिहावा लागतो. बहुतेक निबंधांत मामाचा गाव असतो, आमराई असते, विहीर असते. पण एक गोष्ट सहसा नसते. ती म्हणजे घरात दोन महिने अखंड चालणारे वाळवण आणि साठवण. ते ‘आईचे काम’ असते, म्हणून निबंधात येत नाही. विज्ञानाच्या वहीत तर त्याहून येत नाही. माझ्या मते ही मोठी चूक आहे. ती मी स्वतः, विज्ञानाचा शिक्षक असून, कित्येक वर्षे करीत आलो. म्हणून हा लेख.

आमचे घर गोंदिया जिल्ह्यातील बिरसी या गावी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी येथे धावपट्टी बांधली. पुढे तेथे वैमानिकांना शिकविणारी संस्था आली आणि मार्च २०२२ मध्ये नियमित प्रवासी विमानसेवाही सुरू झाली. विमानाचा आवाज आला की अंगणातली पोरे वर पाहतात. अंगणात खाटेवर जुने लुगडे अंथरून पापड वाळत घातलेले असतात. त्यांच्याकडे मात्र कावळ्यालाच लक्ष द्यावेसे वाटते! विमान उडते ते विज्ञानाने, आणि पापड वाळतो तो आपला आपण, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात दोन्हीकडे निसर्गाचे तेच नियम काम करीत असतात.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमचे सारे घर एकत्र येते. पितरांच्या नावाने घागर भरली जाते, चिंचवणी होते, आणि त्यानंतर कामांना सुरुवात होते. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, भेंडी, गवार, चवळी असते. भांडी धुतलेले पाणी केळीला आणि अळूला जाते. हिवाळ्यातल्या वांग्यांची झाडे अजून थोडीफार धरून असतात. जे खाऊन उरते ते चिरून वाळवायचे, पावसाळ्यासाठी. धानाची रोवणी चालू असताना बाजाराला जायला कोणाला सवड नसते, आणि परसातही तेव्हा फारसे काही नसते. वाळवणाची गरज ही अशी शेतीच्या वेळापत्रकातून आलेली आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतणीने, ती तेव्हा नववीत होती, वांग्याच्या चिरलेल्या फोडी वाळत घालण्यापूर्वी तोलून घेतल्या. बरोबर दोन किलो भरल्या. तीन दिवसांच्या उन्हानंतर त्या कडकडीत वाळल्या तेव्हा पावणेदोनशे ग्रॅम उरल्या. म्हणजे १८२५ ग्रॅम पाणी उडून गेले. आता गणित करा. एक किलो पाण्याची वाफ होण्यास साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते. तेव्हा येथे सुमारे ४३८० किलोज्यूल लागली. ३६०० किलोज्यूल म्हणजे विजेचे एक युनिट. म्हणजेच सव्वा युनिटाएवढे काम सूर्याने आणि कोरड्या हवेने फुकट केले. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२–४३ अंशांवर सहज जातो आणि हवेत ओलावा फार थोडा असतो, म्हणून हे तीन दिवसांत होते. पावसाळी हवेत हीच फोड आठवडाभर ठेवली तरी वाळणार नाही, उलट बुरसेल.

पाणी गेल्याने पदार्थ टिकतो, तो का? आपल्याप्रमाणेच जिवाणूंना आणि बुरशीला जगण्यासाठी पाणी लागते. ते मिळाले नाही की त्यांची वाढ थांबते. ते मरतातच असे नाही. दबा धरून बसतात. म्हणून वाळलेल्या भाजीला पावसाळ्यात ओल लागली की बुरशी धरते. डब्याचे झाकण घट्ट हवे, असे आजी सांगते ते एवढ्यासाठीच.

येथवर सारे आनंदाचे झाले. आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो.

त्याच्या आदल्या वर्षी श्रावणात आमच्याकडे आंब्याच्या लोणच्याची मोठी बरणी नासली. वरती पांढरी बुरशी आली, वास फिरला. पाच किलो कैऱ्यांचे लोणचे उकिरड्यावर गेले. घरात हळहळ झाली, आणि मग दोषी कोण याचा शोध सुरू झाला. माझी आई, म्हणजे मुलांची आजी, म्हणाली, “पोरीनं तसल्या दिवसांत बरणीला हात लावला असल, दुसरं काय!” पुतणीला पाळी येऊ लागून तेव्हा वर्षही झाले नव्हते. ती काही बोलली नाही. त्या दिवशी ती जेवलीही नाही. आणि मी? मी दुसऱ्या दिवशी शाळेत ‘सूक्ष्मजीव’ हा धडा शिकविला आणि घरी गप्प राहिलो. आईला कशाला दुखवायचे, असे मनाला सांगितले.

पुतणी मात्र विसरली नव्हती. पुढच्या अखजीला सारे जमले असताना तिने विचारले, “काका, लोणचं कशानं नासलं ते शोधता येईल का?” मी म्हणालो, येईल, पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे सारखे ठेवायचे. मग तिने काचेच्या चार सारख्या बरण्या घेतल्या, गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवल्या आणि प्रत्येकीत एकाच झाडाच्या कैऱ्यांच्या पाव किलो फोडी, सारखाच मसाला आणि सारखेच तेल घालण्याचे ठरविले. पहिली बरणी आजीने भरली, मीठ ४५ ग्रॅम. दुसरी अगदी तशीच, पण पुतणीने आपल्या पाळीच्या दिवसांत भरली. तिसरी पहिलीसारखीच, फक्त तिच्यात रोज एकदा ओला चमचा फिरवायचा. चौथीत मीठ २० ग्रॅमच. बरण्यांवर नुसते आकडे चिकटविले. कोणता आकडा कशाचा हे एका कागदावर लिहून तो कागद धाकट्या भावाकडे दिला. आजीला सारे सांगितले होते. तीही हसून “बघू तर” म्हणाली.

मध्यंतरी मिठाचे काम समजून घेऊ. फोडींना मीठ लावले की थोड्या वेळात पाणी सुटते. बाहेरच्या दाट द्रावणाकडे पेशीतले पाणी पातळ पडद्यातून ओढले जाते. या क्रियेला परासरण म्हणतात. जुन्या पुस्तकांत तर्षण असा शब्द सापडेल. जंतूंच्या पेशीचेही तेच होते. खारट द्रावणात तिचेही पाणी ओढले जाते आणि तिची वाढ खुंटते. त्यासाठी किलोभर फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ लागते. ओल्या चमच्याने हे द्रावण जागोजाग पातळ होते, आणि बुरशीला पाय ठेवायला जागा मिळते. वरचे तेल हवा अडवते, कारण बुरशीला प्राणवायू हवा असतो. कैरीचा आंबटपणा हा आणखी एक पहारेकरी.

या पहारेकऱ्याचे महत्त्व पुष्कळांना ठाऊक नसते. काही घातक जिवाणू असे आहेत की त्यांना हवा नसलेली जागाच आवडते. बॉट्युलिझम हा जीवघेणा विकार घडवणारा जिवाणू त्यांतला. सामू ४.६ पेक्षा कमी असेल, म्हणजे पदार्थ पुरेसा आंबट असेल, तर तो वाढू शकत नाही. म्हणून कैरीचे लोणचे तेलाखाली सुरक्षित राहते. पण ‘आंबा टिकतो, मग लसूण का टिकणार नाही?’ असे म्हणून कोणी नुसता लसूण तेलात बुडवून महिनोन् महिने ठेवला, तर ते धोक्याचे आहे. कृती माहीत असणे आणि कारण माहीत असणे यांत हा फरक आहे. कारण कळले म्हणजे कृती कोठे लागू पडते आणि कोठे नाही, हे कळते.

कारण न कळता कृती साधणे हे केवळ आपल्या आज्यांच्याच बाबतीत घडले असे नाही. फ्रान्समध्ये निकोला आपेर नावाच्या मिठाईवाल्याने पदार्थ बाटलीत बंद करून उकळत्या पाण्यात ठेवून टिकविण्याची रीत शोधली. १८१० साली त्याला सरकारकडून १२,००० फ्रँकचे पारितोषिक मिळाले. पण पदार्थ का टिकतो हे त्याला ठाऊक नव्हते. गे-ल्युसॅक हा थोर रसायनशास्त्रज्ञ. त्याने बाटल्या तपासून सांगितले की प्राणवायू नाही म्हणून पदार्थ नासत नाही. खरे कारण, म्हणजे उष्णतेने मरणारे सूक्ष्मजीव, पाश्चरच्या प्रयोगांतून १८६० च्या सुमारास स्पष्ट झाले. म्हणजे पन्नास वर्षे गुन्हेगार भलताच धरला गेला होता.

बाईच्या पाळीवर दोष टाकण्याची चूकही वैज्ञानिकाकडून झाली आहे. बेला शिक हे घटसर्पाच्या चाचणीमुळे जगभर नावाजलेले डॉक्टर. पाळीच्या दिवसांत मोलकरणीने हाताळलेली फुले कोमेजली असे पाहून १९२० साली त्यांनी अशा वेळी स्त्रीच्या अंगातून एक विष स्रवते असे मांडले. पुढील संशोधनात हे विष काही सिद्ध झाले नाही. मोठे नाव असले म्हणजे मत खरे ठरते असे नाही; ते प्रयोगाला उतरावे लागते.

आता आमच्या बरण्यांकडे वळू. जूनच्या अखेरीस पहिला पाऊस झाला. विदर्भातल्या शाळा त्या सुमारास उघडतात, तेव्हा नागपूरची मंडळी निघण्याच्या आदल्या दिवशी सारे घर जेवायला बसले. वांग्याच्या वाळलेल्या फोडींची भाजी, तांदळाचे पापड, आंब्याचा रस असा बेत होता. जेवणाआधी चारही बरण्या ओसरीवर मांडल्या. दोन बरण्यांत बुरशी स्पष्ट दिसत होती. एकीत तर फेसही आला होता. दोन अगदी स्वच्छ. आजीने त्या दोन्हींतली फोड चाखली आणि एकीवर बोट ठेवून म्हणाली, “ही माझी.” कागद उघडला. ती पुतणीची निघाली. बुरसलेल्या दोन बरण्या होत्या ओल्या चमच्याची आणि कमी मिठाची.

येथे एक सावधगिरी. दोनांतून एक निवडताना अंदाज चुकण्याची शक्यता निम्मी असतेच, तेव्हा आजीचे चुकणे हा काही पुरावा नव्हे. एकेका बरणीवरून सिद्धान्त मांडता येत नाही. प्रयोग पुन्हा पुन्हा करावा लागतो. पण त्या हाताने लोणचे नासतेच, हे विधान खोटे पडायला एक चांगली राहिलेली बरणी पुरेशी होती. ती समोर होती. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग दुसरे काही न बोलता तिने त्याच बरणीतले लोणचे सगळ्यांच्या पानांत वाढले. यंदाची मोठी बरणी पुतणीने भरली आहे. शेजारी सांगितलेल्या रीतीने चमचा कोरडा ठेवण्याचे काम आम्हा पुरुषांकडे आहे, कारण आदल्या वर्षी शेतावरून आल्यावर ओल्या हाताने लोणचे घेणारे आम्हीच होतो!

आजीवर रागावण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. मिठाचे प्रमाण, कोरडी बरणी, तोंडाला बांधायचे फडके, हे सारे अचूक ज्ञान तिचेच आहे आणि ते कोणत्याही पुस्तकातून तिने घेतलेले नाही. त्या खऱ्या ज्ञानाला एक खोटी समजूत चिकटली होती, एवढेच. जुने सारे टाकाऊ म्हणणारा आणि जुने सारे पवित्र म्हणणारा, दोघेही तपासण्याचे कष्ट टाळतात. आमच्या घरी पालेभाजी रणरणत्या उन्हात वाळवीत. प्रकाशाने तिच्यातील ‘अ’ जीवनसत्त्व देणारे द्रव्य आणि ‘क’ जीवनसत्त्व अधिक नष्ट होते, म्हणून ती आता सावलीत, वाऱ्यावर, पातळ कापडाखाली वाळते. तेही तपासूनच बदलले.

१९७६ साली आपल्या राज्यघटनेत मूलभूत कर्तव्ये घातली गेली. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे त्यांपैकी एक आहे. हे कर्तव्य परीक्षेत पाठ म्हणून दाखवून पुरे होत नाही. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की पुढच्या सुटीत निबंधाऐवजी एक ‘उन्हाळ्याची वही’ द्या. घरात काय वाळले, आधी वजन किती, नंतर किती, काय टिकले, काय नासले आणि का, हे मुलांनी आणि मुलींनी दोघांनीही लिहावे. तराजू घरात असतो. ऊन फुकट आहे.

आणि विद्यार्थी मित्रहो, घरात काही नासले आणि कोणाकडे बोट दाखविले गेले, तर आधी विचारा: चमचा कोरडा होता का? मीठ किती होते? मी हे विचारायला एक वर्ष उशीर केला. तुम्ही करू नका.